देवघराच्या दाराची फळी

कडूबा सुताराची करवत सरळ चालते, हे वडनेरात कोणालाही विचारा. फळीवर गेरूत बुडवलेली दोरी ताणून रेघ मारायची, रेघेला लागून लाकडी पट्टी शिकंज्यात आवळायची, आणि पट्टीला पातं टेकवून करवत ओढायची. इकडं नाही, तिकडं नाही. लोक म्हणायचे, कडूबाच्या हातात जादू हाये. जादू कसली डोंबलाची! कडूबाच्या डोळ्यांवर केव्हाच पडदा आला होता. दोरी मारायची आणि पट्टी लावायची ती त्याची बायको मंजुळाबाई, तीही भल्या सकाळी, अंगणात कोणी यायच्या आत.

वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा, तेव्हाची ही गोष्ट. सुताराचं पोट गावावर. सुगीला खळ्यावर गेलं की सुपानं धान्य मिळायचं. पण सुताराला दिसत नाही म्हटल्यावर त्याच्या अंगणात वखर कोण आणून टाकील? म्हणून दोघं तोंड शिवून बसले होते. मंजुळाबाई महिन्याची बाजूला बसली, की तेवढे दिवस कडूबाची कंबर धरायची. "सुताराची कंबर चंद्राले बांधेल हाये," म्हणून गाव हसायचं. हसू द्या बापडे!

त्या खेपेला मात्र कंबर धरून भागणार नव्हतं. हिंमतराव पाटलांनी देवघराच्या दारासाठी रुंद सागवानी फळी पाठवली होती, आणि देव बसवायचा मुहूर्त तोंडावर होता. मंजुळाबाईनं आदल्या दिवशीच दोरी मारून ठेवली. पहिल्यांदा दोरी हातातून निसटली आणि रेघ बोटभर आत उमटली. तिनं खरी रेघ बाजूला मारली. चुकीची सकाळी पुसू म्हणाली, आणि सकाळी बाजूला बसली. आता चुलीला हात लावायचा नाही, तर देवाच्या फळीला कुठला!

ती कुडाजवळ गोणपाटावर बसून राहिली. कडूबानं चाचपत पट्टी ठेवली. त्याला फळीवर तांबूस धुकं दिसत होतं, त्यात रेघा दोन की एक हे कसं कळावं? ती तिथून सांगणार, तेवढ्यात हिंमतराव पाटील अंगणात आले आणि लाकडाच्या ठोकळ्यावर बसले.

"चालू दे, कडूबा. मी पाह्यतो."

कडूबानं शिकंजा आवळला. चुकीच्या रेघेवर.

मंजुळाबाईनं कुडाजवळून ते पाहिलं. ओरडावं तर नवऱ्याचं आंधळेपण चव्हाट्यावर. गप्प बसावं तर फळी आखूड, आणि पाटलाची फळी नासवणाऱ्याला गावात थारा नाही. करवतीचे दात लाकडाला लागले. खर्र झालं, आणि ती बाई उठून धावली. तिनं दोन्ही हातांनी पट्टी धरली.

"थांबा जी, थांबा!"

पाटील ताडकन उठले. "बाजूले बसेल बाई देवाच्या फळीले शिवते? डोस्कं फिरलं काय इचं?"

मंजुळाबाई पट्टी धरूनच उभी. गेरूनं बोटं लाल झालेली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, मानेनंच नको नको म्हणाली. त्याला ते कुठून दिसणार!

पाटील तसे दुष्ट नव्हते. जरा दम खाऊन म्हणाले, "बाईमाणूस हाये, चळलं असंल. इले माहेरी धाडून दे, मी दुसरी फळी आणतो. तुह्यावर माहा राग नाही, कडूबा."

कडूबानं फक्त हो म्हणायची खोटी होती. एक हो, आणि त्याचं घर, त्याचं नाव, सुगीचं धान्य सगळं जागच्या जागी राहिलं असतं. तो करवत हातात धरून उभा होता. मग त्यानं ती खाली ठेवली.

"चळलं नाही तिचं, मालक. म्या चुकीच्या रेघेवर लावली होती. मले दिसत नाही. आतापावतर तुमची जेवढी लाकडं कापली, त्याची रेघ हिचीच होती."

पाटलांनी वाकून फळीवरच्या दोन्ही रेघा पाहिल्या, आणि ते निघून गेले.

दुपारपर्यंत गावभर झालं. कोणी भांडायला आलं नाही, ते एक वेळ बरं झालं असतं. लोक नुसते येत, आणि आपापली दुरुस्तीला टाकलेली अवजारं गुपचूप उचलून नेत. मंजुळाबाई कुडाजवळून बघत होती.

"कोण आलं वं?" कडूबानं ओट्यावरून विचारलं.

"कोणी नाही," ती म्हणाली. "बकऱ्या हाये. हाकलतो मी."

पलीकडं लाकूड लाकडाला घासलं. कडूबानं मान तिकडं वळवली.

"कोण, शेषराव काय? थांब लेका, तुह्या तिफणीची दांडी अजून ठोकली नाही म्या. खांद्यावर नको घेऊ, निसटंल."

शेषरावानं तिफण खांद्यावरून उतरवली आणि दोन्ही हातांत धरून नेली.