सर्व्हरच्या खोलीची किल्ली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की हीसुद्धा पळवाटच?

मुरूमच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर सांभाळतो. गफूरचाचा तिथले शिपाई. सर्व्हरच्या खोलीची किल्ली वीस वर्षं त्यांच्या कमरेला. खंडेनवमीला आम्ही यंत्रांची पूजा करतो. मशीन बंद करून पुसायचं, झेंडूची माळ घालायची, हा मान चाचांचा. घरचं कार्य असल्यासारखे राबायचे.

चार वर्षांपूर्वी परीक्षेच्या फॉर्मची मुदत वाढली. मी सर्व्हरच्या सेटिंगमध्ये नवी तारीख टाकली, फॉर्म सुरू झाले. मग पूजा झाली, मशीन पुन्हा चालू केलं — तर ते जुनीच तारीख धरून बसलेलं. दहादा बदलली. ढिम्म! फॉर्म भरायला माकणीहून आलेल्या मुली आल्या पावली परत गेल्या.

प्राचार्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, कशानं बिघडलं? मला माहीत नव्हतं. तेवढंच म्हणता आलं नसतं का? मी म्हणालो, चाचांनी बटण बंद केलं तेव्हापासून.

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "व्हय सर, म्याच केलतं बंद." आणि किल्ली टेबलावर ठेवली.

तिसऱ्या दिवशी उलगडलं. सेटिंगच्या फाइलची एक नक्कल मीच काढली होती आणि तारीख त्या नकलेत बदलत होतो. आधी मी हातानं ती नक्कल दाखवून सर्व्हर चालू केलेला. पूजेनंतर मशीन लावताच तो आपोआप चालू झाला आणि मूळ फाइल वाचू लागला. यंत्र बिचारं सांगितलेलंच करत होतं. मी एक ओळ बदलली. "झालं दुरुस्त," एवढंच बोललो. मुलींनी फॉर्म भरले, कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं? नाही. मी भित्रा आहे.

आणि अजून एक. त्या सकाळी बटण बंद करा, असं चाचांना मीच सांगितलं होतं. त्यांना ते आठवत होतं. तरी ते बोलले नाहीत.

किल्ली आता माझ्या खिशात असते. खंडेनवमीला चाचा खोलीत येत नाहीत. यंदाही उंबऱ्याबाहेर उभं राहून त्यांनी माळ पुढं केली. "तुमीच घाला सर. माझा हात नगं लागाय."

मी ती घेतली, आणि घातली.