किल्लीला बांधलेली स्मरणी

कोळवणच्या एस.टी. थांब्यापाशी विश्रामची गाडी थांबली, तरी ती थांबत नसे. चाके थांबत, दारे उघडत, माणसे उतरत, पिशव्या उतरत. इंजिन मात्र मंद सुरात गुणगुणत राही. विश्राम डोळे मिटून बसे आणि किल्लीला लटकलेल्या तुळशीच्या छोट्या स्मरणीचे मणी उजव्या हाताने एकेक करून ओढी. सत्तावीस मणी, सत्तावीस वेळा रामकृष्णहरी, आणि मग किल्ली फिरे.

थांब्यावरचा भिवाजी चहावाला रोज तोच विनोद करी. "नाव इश्राम, गडी इश्राम घेतोय, आन् आता गाडी बी इश्राम घेतीया! डिझेल काय धरणातनं येतं व्हय रं तुझं?"

विश्राम हसे, पण सत्ताविसावा मणी आल्याशिवाय उत्तर देत नसे. ती स्मरणी तिथे कशी आली, हे सांगितले पाहिजे. कारण तिच्या मण्यामण्यात एका बहिणीचा श्वास ओवलेला होता.

विश्रामने वीस वर्षे कोळवण ते पौड वडापची, म्हणजे माणसे भरून नेणारी, जीप हाकली. त्या जुन्या जीपने त्याला एक विद्या शिकवली होती. चढ संपला, माथा आला, उतार दिसला, की किल्ली बंद करायची, गिअर मोकळा करायचा आणि गाडी धरणीमातेच्या ओढीवर सोडून द्यायची. तेवढेच डिझेल वाचते. खोऱ्यातल्या सगळ्या जुन्या ड्रायव्हरांची हीच रीत. ती इतकी अंगवळणी पडली होती, की माथा दिसताच विश्रामचा हात विश्रामला न विचारताच किल्लीकडे जाई.

आई-बाप लहानपणीच गेलेल्या विश्रामला वाढवले ते थोरल्या बहिणीने, फुलाबाईने. ती बारा वर्षांनी मोठी. स्वतःच्या भाकरीतली अर्धी मोडून तिने त्याला भरवले, आणि नवऱ्यामागे माहेरी परतली तेव्हा त्याच्याच ओसरीवर तिने आपले देवघर मांडले. दोन हजार एक साली तिची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी आठच्या ठोक्याला, कोथरूडच्या अलीकडच्या एका धर्मादाय रुग्णालयात तिची खाट ठरली. तिथे यंत्र चार तास तिचे रक्त धुऊन देई. आठाला पोचले तर चार तास. उशीर झाला तर दुसरा रुग्ण ताटकळत उभा, मग वाट्याला येतील तेवढेच तास. पहिली एस.टी. साडेनऊच्या आत पोचत नसे, आणि जुनी जीप पिरंगुटचा घाट चढता चढता धापा टाकू लागे.

विश्रामने देवघरापुढे तांब्यातले पाणी हातावर घेतले आणि म्हणाला, "आक्का, मी हाय तवर तुझा आठाचा नंबर चुकनार न्हाई."

पुढचे सारे आयुष्य त्याने या एका वाक्याला बांधून घेतले.

गाडी मिळाली ती चंद्रकांतकडून. हा पिरंगुटच्या कारखान्यातला इंजिनीअर. कोळवणात त्याचे छोटे फार्महाउस होते. त्याची अठ्ठ्याण्णव सालची डिझेल कार त्याने विश्रामला दिली आणि देताना लेकीची पाठवणी करावी तशी तिची माहिती सांगितली. चार सिलिंडर, एकोणीसशे सी.सी., नव्वद घोड्यांचे बळ. धुरांड्यातून जाणाऱ्या गरम झोतावर एक चाक फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची ताजी हवा ओढून इंजिनात कोंबते, हाच टर्बो. थंडीत हीटर प्लग तापू द्यावा, मगच चावी मारावी. टायमिंग बेल्ट मुदतीत बदलावा. तो तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व एकमेकांवर आदळून इंजिनाचा अंत होतो. काळा धूर आला तर हवा कमी पडते आहे. रबरी पाइप कुठे चिरला का पाहावे. पांढरा आला तर डिझेल न जळता बाहेर येते आहे. निळा आला तर सावध व्हावे. इंजिन स्वतःचेच ऑइल पिऊ लागले आहे.

एवढे सगळे सांगितले, आणि एक गोष्ट सांगायची राहिली. जी गोष्ट आपल्याला श्वासासारखी ठाऊक असते, ती दुसऱ्याला सांगायची असते हेच आपल्या ध्यानात येत नाही.

गाडी घाट अशी चढे, की फुलाबाई पदर तोंडाला लावून म्हणे, "इश्राम, ही गाडी हाय का घार?" आठ वाजायच्या आधी ती खाटेवर असे. आणि प्रत्येक माथ्यावर, जाताना आणि येताना, विश्रामचा हात किल्लीकडे जाई. टक्. इंजिन बंद. ब्रेक दगडासारखा जड होई, तरी उतारावर गाडी निवांत घरंगळे, आणि विश्राम मनात वाचलेल्या डिझेलचा हिशेब करी.

पाच महिने असे गेले. फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी घाटाच्या मध्यावर टर्बोची शीळ किंकाळीसारखी झाली, मागे निळ्या धुराचा लोट उठला आणि नव्वद घोड्यांचे बळ कुठल्या कुठे गेले. रांगत रांगत ते दहाला पोचले. त्या दिवशी फुलाबाईला दोनच तास मिळाले. रविवारपर्यंत तिची पावले पोळीसारखी फुगली.

पौडच्या दयानंदने गॅरेजमध्ये बॉनेट उघडले आणि सरळ निकाल दिला. "इश्रामभाऊ, टर्बो मेला. काढून टाकतो, साधा पाइप जोडून देतो. गाडी चालंल."

"घाट चढंल?"

"चढंल की. बैलावानी."

"मला आठाला पोचायचंय, दया. बैलपोळ्याला न्हाई."

"मग दुसरा टर्बो आन. तो बी मरंल, तवा तिसरा आन."

विश्राम तिथेच पायरीवर बसला. "न्हाई. आधी हा का मेला ते मला कळाय पायजे. ते कळल्याबिगर मी हितनं उठत न्हाई."

दोघांनी मिळून टर्बो उतरवला. आतला दांडा तापून निळा पडला होता. त्याला ऑइल पुरवणारी बारीक नळी जळक्या काजळीने बुजली होती. तिच्यातून सुईसुद्धा जाईना. विश्रामने त्या दोन वस्तू फडक्यात गुंडाळल्या आणि थेट फार्महाउसवर नेल्या.

चंद्रकांतने दांडा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "विश्रामराव, घाटमाथ्यावर तुम्ही नेमके काय करता?"

"काय करनार? किल्ली बंद, न्यूट्रल, आन् सोडून देतो."

चंद्रकांतने कपाळाला हात लावला. "अहो, हे चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते. चढ संपतो तेव्हा ते निखाऱ्यासारखे लाल झालेले असते. त्या दांड्याला आधार फक्त ऑइलच्या पातळ पडद्याचा. तुम्ही इंजिन बंद केलेत की ऑइल थांबले, चाक मात्र कोरडे फिरत राहिले. उरलेसुरले ऑइल तिथेच जळून नळी बुजली. उतारावर इंजिन चालूच ठेवायचे, आणि गाडी थांबवल्यावरही मिनिटभर हळू चालू द्यायचे, मग बंद करायचे. चूक माझी आहे. मी सांगायला हवे होते."

"हात तुमचा न्हवता," विश्राम म्हणाला. "मारला त्यो मीच."

त्याने रडगाणे गायले नाही. तो पुण्याच्या जुन्या बाजारात तीन दिवस फिरला आणि त्याच मापाचा टर्बो शोधून आणला. दयानंद जुनीच नळी साफ करून लावायला निघाला, तेव्हा विश्रामने त्याचा हात धरला. "नवा गडी आनायचा आन् त्येला जुन्या खोकड्या नळीनं पानी पाजायचं व्हय?" नळी नवी, गाळणी नवी, ऑइल नवे, तेही चंद्रकांतने लिहून दिलेल्या जातीचेच. गाडी खोललेली होती त्या दिवसांत तो पहाटेच्या दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मध्ये घोंगडी अंथरून फुलाबाईला नेई. आठाचा नंबर पुन्हा चुकला नाही.

यंत्र दुरुस्त झाले. हात दुरुस्त होईना. वीस वर्षांची सवय म्हणजे वीस वर्षे पाणी पिऊन पोसलेले मूळ. पहिल्याच मंगळवारी माथा आला आणि विश्रामचा हात किल्लीकडे निघाला. फुलाबाईने मागून खांद्यावर चापट मारली. शुक्रवारी पुन्हा तेच घडले, पुन्हा चापट बसली.

"लहानपनी गूळ चोरायचास तवा बी असाच हात जायचा तुझा," ती म्हणाली.

"आक्का, मी न्हाई गं. हातच ऐकत न्हाई."

फुलाबाईने आपल्या मनगटावरची सत्तावीस मण्यांची स्मरणी काढली आणि किल्लीला बांधली. "आता हात गेला, की आधी तुळस लागंल. माथ्याला लागली तर हात मागं घ्यायचा. गाडी हुबी केलीस तर एक फेरा नाम घ्यायचं, मंग किल्ली. घाट चढून लगीच थांबलास तर दोन फेरं."

"आन् घाई आसंल तर?"

"नामाला घाई नसती, येड्या."

चंद्रकांतने सांगितलेले मिनिट सत्तावीस मण्यांत अचूक बसले. घड्याळाने जे शिकवले नसते, ते तुळशीने शिकवले. हात किल्लीकडे जाई, बोटांना मणी लागत, आणि हात शहाणा होऊन परत येई. महिन्याभरात तो जायचाच थांबला.

दोन हजार पाचचा चैत्र. गावची जत्रा झाली. फुलाबाईला दिवसाला मोजके पाणी. पण त्या उन्हात, त्या गर्दीत, तिने कोणाच्या नकळत दोन वाट्या कढी प्यायली आणि वर तांब्याभर पाणी. मंगळवारी पहाटे तिला श्वास पुरेना. अंगात साचलेले पाणी छातीत चढले होते. विश्रामने तिला मागच्या सीटवर तक्क्याला टेकवून बसवले आणि गाडी काढली.

पिरंगुटच्या घाटात ट्रकांची रांग लागली होती. विश्रामने गिअर खाली घेतला, टर्बोने शीळ घातली, आणि गाडी एकेक ट्रक मागे टाकत माथ्यावर आली. साधा पाइप जोडलेली गाडी त्या रांगेतच राहिली असती. माथ्यावर हात किल्लीकडे वळलाही नाही. चांदणी चौकाचा चढ त्याने त्याच दमात ओलांडला आणि रुग्णालयाच्या दारात ब्रेक दाबला.

फुलाबाईचे ओठ निळे पडले होते. बॉनेटखाली लालबुंद टर्बो, मागे गुदमरलेली बहीण, आणि समोर किल्ली. विश्रामने हँडब्रेक ओढला, इंजिन तसेच चालू ठेवले, आक्काला दोन्ही हातांवर उचलले आणि धावला.

दारावरचा रखवालदार भैरू, मावळातला म्हातारा, मागून ओरडला, "ओ पाव्हणं! गाडी बंद करा की!"

विश्राम पळता पळताच ओरडला, "बाबा, किल्लीला स्मरनी हाय! दोन फेरं रामकृष्णहरी म्हना, आन् मंगच बंद करा! आदी करू नगा, पाया पडतो!"

भैरूने गाडीकडे पाहिले, किल्लीकडे पाहिले. टोपी काढून काखेत धरली, ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि पहिला मणी बोटात धरला.

आत आठला पाच मिनिटे कमी होती. खाट रिकामी होती. यंत्र लागले, आणि तासाभराने फुलाबाईच्या छातीतली घरघर उतरू लागली. नर्सने विश्रामला बाहेर जायला सांगितले, तेव्हा कुठे त्याला गाडी आठवली.

गाडी बंद होती. भैरू पायरीवर बसला होता. त्याने स्मरणीसकट किल्ली विश्रामच्या ओंजळीत ठेवली.

"दोनच फेरं सांगितलं हुतं तुमी," तो संकोचून म्हणाला. "मी चार केलं. एकशेआठची पुरी माळ. मावशी आत हुत्या म्हनून."

दुपारी फुलाबाईने डोळे उघडले. भावाला जवळ बोलावून तिने पहिला प्रश्न विचारला, "इश्राम, गाडी कशी बंद केलीस रं?" त्याने भैरूची गोष्ट सांगितली. तिने पडल्या पडल्या हात जोडले आणि ती म्हणाली, "म्हंजी जत्रंत चोरून प्यालेली कढी देवानं पचवली."

"देवानं न्हाई, आक्का, यंत्रानं पचवली. आन् पुन्ना प्यालीस तर मी भैरूबाबाला सांगनार."

त्यानंतर पाच वर्षे, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, ती गाडी आठच्या आत त्या दारात उभी राहिली. टर्बो तोच, नळी तीच. खाली उतरताना फुलाबाई भैरूला रामकृष्णहरी म्हणे, आणि भैरू पुढे येऊन खिडकीतून हात घाली. "जा तुमी, दादा. फेरा मी घेतो." विश्राम आक्काला आधार देत आत जाई, आणि मागे इंजिन सत्तावीस मणी होईपर्यंत मंद सुरात गुणगुणत राही.