काठोकाठ भरलेला कप

कलकत्त्याच्या डमडम विमानतळावर मी वायरलेस ऑपरेटर होतो. तिथल्या कँटीनमध्ये रोज सकाळी एक धोतरवाले गृहस्थ बसलेले असत. त्यांचं नाव मला कधीच कळलं नाही. वैमानिक त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. उड्डाणाला निघालेल्या प्रत्येक वैमानिकाला ते स्वतः किटलीतून चहा ओतून देत. कप अगदी काठोकाठ भरत, बशीत ठेवून दोन्ही हातांनी पुढे करत आणि घरच्यांची चौकशी करत. काय सढळ हाताचा माणूस आहे, असं मी घरी बायकोला कौतुकानं सांगायचो.

एकदा आमच्या एका कॅप्टनचा चहा बशीत सांडला. त्याची बायको इस्पितळात होती, रात्रभर त्याचा डोळा लागला नव्हता. "असू दे, असू दे," म्हणत दादांनी फडक्यानं टेबल पुसलं. तासाभरात त्या कॅप्टनचं विमान दुसराच कुणी घेऊन गेला.

"दादा कंपनीचा माणूस," कँटीनवाला मला म्हणाला. "कुणाचा हात थरथरतो ते बघायला बसवलाय. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मी हादरलोच. तसाच तरातरा दादांपुढे जाऊन उभा राहिलो.

"चहा पाजून लोकांच्या घरातलं काढून घेता आणि वर पोचवता?"

ते जराही ओशाळले नाहीत. बंगाली वळणाच्या हिंदीत त्यांनी शांतपणे विचारलं, "त्या विमानात तुमची बायको असती तर?" आणि एक कप भरून माझ्यापुढे धरला.

कप मी कधी हातात घेतला, तेही कळलं नाही. दादा माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर माझ्या बशीवर होती.