धुऊन रिकामी केलेली टाकी

पारोळ्यात आमच्या गल्लीला नळाचं पाणी बारा-बारा दिवसांनी येतं, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. घरात पाणी पुरवायचं काम बायकोचं. तांदूळ धुतलेल्या पाण्यात ती भाजी धुते, तेच पाणी भांड्यांच्या पहिल्या हाताला वापरते आणि उरलेलं अंगणात शिंपडते. आंघोळ घमेल्यात बसून, म्हणजे खालचं पाणी संडासाला उपयोगी पडतं. मी सायकलवर भांडी विकून हे दोन मजली घर उभं केलं, पण त्यातलं पाणी मात्र तिने राखलं.

गेल्या मे महिन्यात मुलगी पहिल्या बाळंतपणाला आली. नातू झाला. बारसं आमच्याच घरी व्हावं, ही माझी हौस नव्हती, हट्ट होता. लग्नात व्याही चारचौघांत म्हणाले होते, "मुलगी तुमची गुणाची, फक्त गाव कोरडं." ते धुळ्याचे, त्यांच्या बोअरला पाणी. ते वाक्य मी विसरलो नाही.

बारशाला चार दिवस होते. मी नगरपालिकेच्या व्हॉल्व्ह सोडणाऱ्याला गाठलं, चहा पाजला, गोड बोललो. तो म्हणाला, "नाना, सकाळी पाचले तुमनी गल्लीच पहिली शे." सौदा पक्का झाला असं मला वाटलं. आमच्याकडे नवं पाणी येणार म्हटलं की जुनं शिळं ठरतं, आणि बारशाला तर शिळं पाणी नकोच. मी त्याच दुपारी टाकी धुवायला काढली.

"बठ्ठं पानी चांगलं शे, कशाले फेकतस?" सगळ्या पाण्याकडे हात करत बायको म्हणाली. "नळ येऊ द्या, मग धुवा."

"मी शब्द घेतलाय," मी ओरडलो. "भाव करणं मला शिकवू नकोस."

पाणी गटारीतून गल्लीभर वाहत गेलं. लोक दारात उभे राहून बघत होते.

पहाटे पाचला नळ फुसफुसला, हवा सोडून गप्प झाला. मुख्य लाईन फुटली होती. किती दिवस लागतील, कोणी सांगेना. व्हॉल्व्हवाल्याचा फोन बंद. घरात एक हंडा आणि एक कळशी, बस.

पहिल्या दिवशी कूलर बंद केला. आमच्या कूलरला दिवसाला दोन बादल्या लागतात. बंद खोलीत बाळंतीण आणि आठ दिवसांचं पोर. त्याच्या मानेवर घामोळं उठलं. बायकोने त्याला वाटीभर पाण्यात फडकं भिजवून पुसलं आणि पिळलेलं पाणी लंगोट धुवायला ठेवलं. समोरच्या दोन घरांतून तिने हंडा-हंडा मागून आणला. तिसऱ्या घरी गेली नाही. त्या घराशी भिंतीवरून माझं भांडण आहे.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. मी रस्त्यात आडवा झालो आणि सवयीने भाव केला. टँकरवाला हसला.

"नाना, हे ताट-वाटी नाही. घ्यायचं तर घ्या, मागे सात जण उभे आहेत."

"अर्धी टाकी तरी कमी दरात दे."

"अर्धी कुठे टाकू, तुमच्या डोक्यावर?"

लोक हसले. मी त्याच्या आईबापापर्यंत पोचलो. त्याने गाडी पुढे घेतली आणि पाइप माझ्याशी भांडण असलेल्या त्याच घराच्या टाकीत सोडला. मी उन्हात उभा राहिलो. तेव्हा दर मान्य केला असता तर पोराचा कूलर चालू झाला असता. मला ते कळत होतं, तरी मी त्या घराकडे पाऊल टाकलं नाही.

संध्याकाळी मुलगी म्हणाली, "बाबा, मी धुळ्याला जाते. सासऱ्यांना फोन केलाय."

"दोन दिवस थांब. मी काहीतरी करतो."

"तो सकाळपासून रडतोय, आता आवाजही निघत नाही त्याचा."



सकाळी व्याह्यांची गाडी आली. ते स्वतः आले नव्हते. डिकीत पाण्याचे चार मोठे जार होते. ड्रायव्हर म्हणाला, "साहेबांनी दिलेत, आजी-आजोबांसाठी."

"परत घेऊन जा," मी म्हणालो. "आम्ही मागितले नव्हते."

पण बायकोने माझ्याकडे न बघता एक जार उचलला आणि हंड्यात उपडा केला. मग तिने बाकीचे तीन ओढत आत नेले. मुलगी नातवाला पदराखाली घेऊन गाडीत बसली. बारसं धुळ्याला झालं.

गाडी गेल्यावर बायकोने त्याच पाण्याचा चहा टाकला. माझा कप तिने समोर ठेवला, घेणार का ते विचारलं नाही. घसा कोरडा पडला होता. मी तो प्यायलो.