सगळेच विकायला आलेले

बोईसरच्या हॉटेलातला तो हॉल इतका गार होता की मी पदर डोक्यावरून घेतला आणि मला पेंग यायला लागली. लहान धंदेवाल्यांचं संमेलन होतं. माझी सून चिकूच्या फोडी वाळवून विकते. तिला एक तरी मोठं गिऱ्हाईक हवं होतं. नाही मिळालं तर एक तारखेपासून कंपनीत पॅकिंगला जायचं, असं मुलाने तिला बजावलं होतं. एकटी जायला ती बुजत होती, म्हणून मी सोबत.

दिवे मंद झाले. पडद्यावरचा निळा उजेड सगळ्यांच्या तोंडावर पडला. मोठी स्वप्नं बघा, असं मंचावरचा माणूस सांगत होता. मी बघतच होते. अर्धवट झोपेत मला वाटलं, या खुर्च्या नाहीतच, आमच्या वाडीतले फोडी वाळवायचे बांबूचे मांडव आहेत. सगळी माणसं त्यांवर पातळ कापून वाळत घातलीत आणि कोणीतरी येऊन आपल्याला उलटवील म्हणून निमूट पडून आहेत.

चहाला जो तो दुसऱ्याच्या हातात आपलं कार्ड कोंबत होता. एकाने मला गाठलं. "माँजी, प्लास्टिक के ड्रम लगेंगे?"

"फुकट देतोस तर दे, पानी भरीन," मी म्हटलं. तो दुसरीकडे गेला.

सुनेचा चेहरा पडला. "आई, हितं घेनारा कोनच नाय. सगले इकायलाच आलेत."

"मंग जेव आनि चल."

जेवताना मनोरकडची एक बाई आमच्याशेजारी बसली. ती आवळा वाळवायची. सुनेने पुढे केलेली फोड तिने खाल्ली नाही, उजेडात धरून बघितली.

"ढग आले का काल्या पडतात ना गो?"

सुनेचा घास हातातच राहिला. "तुमच्या पन पडतात?"

"पडतात म्हंजे! घरचे बोलतात, तुझ्या हातालाच गुन नाय."

"माझा नवरा पन तेच बोलतो," सून म्हणाली आणि माझ्याकडे बघून तिने जीभ चावली.

"बोलू दे. मी पन बोलते," मी म्हटलं. दोघी खो-खो हसल्या.

जेवणानंतर लोक पुन्हा आत गेले. या दोघी बाहेर पायरीवरच बसल्या. मुंग्या, दव, कुठला वारा चांगला, काय काय बोलत होत्या. मी खांबाला टेकून डोळे मिटले. त्यांचे आवाज पाण्याखालून यावेत तसे येत होते. गिऱ्हाईक शोधायला आलो, असं लोक म्हणतात. म्हणू देत. आपलं बिघडतं तसं दुसऱ्याचंही बिघडतं, हे त्यांना कोणाच्या तरी तोंडून ऐकायचं असतं. घरात ते कोणी सांगत नाही.

घरी आल्या आल्या मुलाने विचारलं, "मिलालं गिऱ्हाईक?"

"नाय," सून म्हणाली.

"मंग एक तारखेला..."

"मी नाय जानार कंपनीत. सोमवारी मनोरची बाई येते, आपला मांडव बघायला."

"ती माल घेनार?"

"नाय. बघनार नि ती आवला कसा वालवते ते सांगनार."

त्याने माझ्याकडे बघितलं.

"एका बाजूनं खाली बसलाय तो मांडव," मी म्हटलं. "ती येयाच्या आत नीट कर."

तो उठला. बांबू तोडायचा कोयता कुठे ठेवलाय, ते त्याने विचारलं.