वर्षाचा दिवा

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी सोलापुरात ज्या काकूंकडे खोली घेऊन राहत होते, त्या ज्यू होत्या. ज्यू म्हणजे नेमकं कोण, हे जेऊरहून येताना मला माहीत नव्हतं. त्यांचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं होतं. दर शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत त्या काचेच्या पेल्यात पाणी, त्यावर तेल घालून वात लावायच्या. तो शब्बाथचा, म्हणजे त्यांच्या विश्रांतीच्या वाराचा दिवा. काका गेले त्या दिवशी दरवर्षी लावायचा, तो वर्षाचा दिवा वेगळा. तो एका संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळपर्यंत जळायला हवा. ती ज्योत म्हणजे गेलेल्या माणसाचा जीव, असं त्यांनी मला सांगितलं होतं.

त्या वर्षी नेमकं त्याच दिवशी त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. आदल्या संध्याकाळी लावलेला दिवा माझ्यावर सोपवून त्या सकाळी रिक्षाने गेल्या. दुपारी त्यांचा फोन आला. ज्योत बारीक झालीय, असं मी सांगितलं. मागून नर्स त्यांना बोलावत होती.

"मग वाढव गं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आमच्या घरी दिवा विझव असं कुणी म्हणत नाही, ते अशुभ. वाढव म्हणतात. बारीक झालेला दिवा आपोआप जाऊ द्यायचा नसतो. मी फुलाची पाकळी घेतली, हळूच ज्योतीवर टेकवली, नमस्कार केला आणि अभ्यासाला बसले.

चारच्या सुमारास काकू आल्या. एका डोळ्यावर पट्टी होती. चप्पल काढून सरळ दिव्याकडे गेल्या आणि पेल्यावर तळहात धरला. बराच वेळ धरला.

"कधी गेला?"

"मी घालवला. तुम्ही वाढव म्हणालात."

"अगं, तेल वाढव." मग मी आमच्याकडचा अर्थ सांगितला. "तुमच्यात जेवण वाढ म्हटलं की ताट उचलून ठेवतात का गं?" त्या हसल्या नाहीत. मीही नाही.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. परत लावू का, असं मी विचारलं. चालतं की नाही, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. विचारायला सोलापुरात त्यांचं कुणी उरलं नव्हतं.

"लाव," त्या शेवटी म्हणाल्या. "ऊन आहे अजून."

मी तेल घातलं, काडी ओढली. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"पेटला?"

"व्हय," मी म्हणाले.