कुंकू ओळखणारं यंत्र

एन्नोरच्या वीजकेंद्रातून बालाजीराव प्रयोगशाळेत परतले, ते थेट खुर्चीत बसले. दुपारी दहा जणांसमोर त्यांचं यंत्र वाफेच्या नळीपुढे सतरा मिनिटं नुसतं उभं राहिलं होतं. हात वर, बोटं उघडी. फिरवायचा व्हॉल्व्ह वीतभर अंतरावर होता.

एकतीस वर्षं ते यंत्रांना बघायला शिकवत होते. तंजावूरच्या मराठी घरातला मुलगा, तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या स्वस्त लॉजमध्ये, चौघांत एक खोली, मग पीएच.डी., मग याच विद्यापीठात प्राध्यापकी. त्यांचे बावीस विद्यार्थी डॉक्टर झाले, बहुतेक परदेशी गेले. यंत्रं कपाटात राहिली. त्यांतलं एकही कुणाच्या कामी आलं नाही. हे आलं असतं; गरम वाफेजवळ माणसाऐवजी हेच गेलं असतं. मे महिन्यात ते निवृत्त होणार होते. परवाची दुसरी चाचणीही फसली, तर प्रयोगशाळा बंद करून खोली दुसऱ्या विभागाला द्यायचं ठरलं होतं.

"सर, सापडलं," रेवा म्हणाली. नाशिकहून आलेली ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी. "शिकवायला वापरलेले चारही हजार फोटो आयुधपूजेनंतरच्या आठवड्यातले आहेत."

पूजेला प्रयोगशाळेतल्या अवजारांना चंदन-कुंकू लावायची इथली रीत. सरावाच्या सहाही व्हॉल्व्हना टिळे होते. रेवानं एक टिळा ओल्या रुमालानं पुसला; यंत्र जागचं हललं नाही. मग तिनं भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाला कुंकू लावलं. यंत्रानं शांतपणे हात पुढे केला आणि बटण पिळायला घेतलं.

बालाजीराव बघत राहिले. "टिळे कुणी लावलं?"

"तुम्हीच. आपोआप जाईपर्यंत पुसू नका, असंही तुम्हीच म्हणालात."

"हो. मीच सांगितलो." त्यांची ही तंजावुरी मराठी ऐकून एरवी ती हसायची. आज हसली नाही.

"सर, परवा तिथल्या व्हॉल्व्हला एक टिळा लावू. तिथं बॉयलरलासुद्धा आहे. कुणी विचारणार नाही."

"आणि पुसला गेल्यावर?"

"तोवर नवे फोटो काढून पुन्हा शिकवू. तीन महिने लागतील."

"तीन महिने ते लोक यंत्राच्या भरवशावर राहणार. तिथं वाफ असते, रेवा. पंखा नसतो."

त्यांनी संगणक पुढे ओढला आणि वीजकेंद्राचे अभियंता शेषाद्री यांना पत्र लिहिलं: यंत्र व्हॉल्व्ह ओळखत नाही, त्यावरचं कुंकू ओळखतं, चूक माझी, दुसरी चाचणी रद्द करावी. दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम काढला आणि पाठवून दिलं.

"म्हणजे खोली गेली," रेवा म्हणाली.

"मेमध्ये जाईल. आज जात नाही."

गुडघ्यावर हात टेकून ते उठले. रुमाल पुन्हा भिजवून उरलेले पाच व्हॉल्व्ह पुसू लागले. कुंकू चांगलंच सुकलं होतं, निघता निघत नव्हतं.

"कॅमेरा आण," ते पाठमोरेच म्हणाले. "आणि आधी ते बटण पूस."